दोरीचं दुसरं टोक

"सुरुवातीच्या रेषेवर या!" भोंग्यातला तो आवाज चार वर्षांपूर्वीचा, पण अजून कानात आहे. हेरेनव्हेनचं बर्फगृह, ऑलिंपिकसाठी स्केटिंगची निवड-शर्यत, जागा तीन आणि आम्ही दहा जणी. दुसऱ्याच फेरीत मी मध्येच थांबले. बाहेर येऊन म्हणाले, "बुटाचं पातं सैल होतं. वीब्रेनकाकांनी स्क्रू नीट आवळला नव्हता."

वीब्रेनकाका माझे गुरू. हाइटांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, तीस वर्षांचे जिवलग. त्या संध्याकाळपासून हाइटांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मी देश सोडून बेल्जियमची झाले, त्यांच्याकडून धावू लागले. तिथे जागेसाठी रांग नव्हती. काळा-पिवळा-तांबडा पोशाख चढवला, त्याच पोशाखात जगज्जेती झाले. गाव म्हणे, पोरीचा काय दोष, एका स्क्रूने पोर परकी केली.

या जानेवारीत सहा वर्षांनी गावचं तळं गोठलं. हाइट बर्फाचे कारभारी. ते मोजून 'हो' म्हणतात, तेव्हाच गाव उतरतं. मोजायला जायचं दोघांनी: पुढचा गिरमिटाने भोक पाडणार, मागचा त्याच्या कमरेच्या दोरीचं टोक धरणार. ते टोक तीस वर्षं एकाच हातात होतं.

तळ्यावरच्या शनिवारच्या शर्यतीसाठी मी घरी आले होते. सकाळी काठावर सारं गाव, पोरं बर्फावर धरून घसरायला शिकायच्या खुर्च्या घेऊन ताटकळलेली.

"आल्या बेल्जियमच्या राणीसाहेब!" बेकरीवाली आउक ओरडली. "वॅफल आणलेत, की नुसतीच पदकं?"

मी हसले, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. हाइट एकटेच बर्फावर निघाले होते. कमरेला दोरी नव्हती.

"ताको, गाढवा, बांध ही!" वीब्रेनकाका दोरीचं वेटोळं घेऊन काठाशी आले.

हाइटांनी मागे पाहिलंही नाही. "रिक्स्त, पोरी, सांग त्याला. ज्याला साधा स्क्रू आवळता येत नाही, त्याच्या हाती मी जीव देत नाही."

"मग मी धरते, हाइट!"

"तू? चिमणीएवढी! मला ओढायला जाशील आणि माझ्यामागून आत येशील. उभी राहा तिथेच."

जाड बर्फ ढोलासारखा घुमतो, पातळ बर्फ तारेसारखा झणकारतो. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही तो ऐकायचो.

"आठ सेंटिमीटर!" हाइट लांबून ओरडले. पुढे गेले. "सहा!" आणखी पुढे गेले. मग आकडाच आला नाही.

तार झणकारली. त्यांच्या बुटाखालून एक पांढरी रेघ सरसरत निघाली, लव्हाळ्यांपर्यंत गेली. कुणाचं पोर रडायला लागलं, आईने त्याचं तोंड दाबलं.

वीब्रेनकाका पोटावर झोपून पुढे सरकले. त्यांनी दोरी फेकली. ती हाइटांच्या पायाशी जाऊन पडली. हाइटांनी बुटाने ती दूर सारली.

दुसरी रेघ फुटली. पाणी वर आलं, काळंभोर, बुटाच्या टाचेपर्यंत.

 

"हाइट!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "काकांनी स्क्रू घट्टच आवळला होता! पातं चांगलं होतं. मी चौथी येईन म्हणून घाबरले आणि आपणहून थांबले. त्यांच्यावर खोटा आळ घेतला मी. ती दोरी घ्या, हाइट, खोटी मी आहे!"