बसायचं काम

मोएरोआने फळीच्या टोकाचा बोटभर जाडीचा काप काढला, त्याचा मधला भाग करवतीने कोरून टाकला आणि उरलेला दोन दात्यांचा काटा टेबलावर ठेवला. दाते सरळ राहिले तर माल तयार. ती पाहत असतानाच दोन्ही दाते एकमेकांकडे झुकले आणि टोकं चिकटली.

तिने दुसऱ्या फळीचा काप घेतला. मग तिसऱ्या. तिन्ही काटे तसेच मिटले.

"अजून किती फळ्या वाया घालवणार?" खुर्चीतून पापा तुआने म्हणाले. सगळी गिरणी त्यांना पापाच म्हणायची.

"एखादी तरी सरळ निघेल."

"निघेल की. दाराजवळच्या थप्पीतली घे, तिथे आच कमी लागते. मॅनेजरला तेवढीच दाखव."

ते चिडवत होते की खरंच सुचवत होते, हे तिला कळेना. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. टोकोरोआ गावच्या या लाकूडगिरणीत अडतीस वर्षं त्यांनी लाकूड वाळवायची भट्टी सांभाळली होती. या खोलीत बसून समोरच्या तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची, आणि गरज नसेल तेव्हा कशालाही हात लावायचा नाही, एवढंच काम. पापांच्या डोक्यावर चहाचा कप ठेवला तरी सांडणार नाही, असं सगळे म्हणायचे. आज त्यांचा शेवटचा दिवस होता.

आत्ताची भट्टी मोएरोआने एकटीने लावलेली पहिलीच होती. खिडक्यांच्या चौकटींचा माल, पाच दिवसांचा. पापांनी मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं. माल चांगला निघाला तर सोमवारपासून भट्टी तिची. नाही तर पुन्हा सरकत्या साखळीवर, ओल्या फळ्या ओढायला. अकरा वर्षं फळ्या ओढून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. आणखी एखादं वर्ष निघेल, मग हात वर जाणार नाही, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं.

ती खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. खिडकीत साखळीवर काम करणारा तिचा मामेभाऊ रुआ उभा होता, सँडविच खात.

"काय गं, झाली का भट्टी?"

"तुझं काम बघ."

"आत्यानं नाव ठेवलंय लांब झोप, आणि हिचं बुड दोन मिनिटं टेकत नाही." तो पापांकडे बघून हसला. त्यांच्या घरच्या बोलीत मोएरोआचा अर्थ तोच होता आणि लहानपणापासून तिने हा विनोद ऐकला होता. "ये सोमवारी परत. तुझे हातमोजे अजून कुणाला दिले नाहीत."

"धुऊन ठेव," ती म्हणाली. रुआ गेला. तिला हसू आलं नाही.

पापांनी नोंदयंत्रातला कागद ओढून टेबलावर पसरला. भट्टीतल्या तापमानाची पाच दिवसांची निळी रेष त्यावर उमटली होती.

"मंगळवारी दार उघडलंस."

"एकदाच. बघायला."

"तीनदा. रेष तीनदा खाली आलीय. आणि बुधवारी आच वाढवलीस."

"वाटलं, गेलेली ऊब भरून निघेल."

"बाहेरून भराभर वाळलं, आतलं मागे राहिलं. आता आत ताण धरून बसलंय. याची चौकट केली तर वर्षभरात पिळवटेल, खिडकी लागणार नाही."

"तुम्ही बघत होता. थांबवलं का नाही मला?"

"भट्टी तुझी होती."

"पापा, तुम्हाला कधीच वाटलं नाही? दार उघडून एकदा बघावं?"

पापांनी कागदाची घडी घातली आणि ती खिळ्याला अडकवली.

एक वाजता ब्रेंट आला. तो गिरणीचा मॅनेजर. त्याच्या हातात पाठवणीचा फॉर्म होता.

"ट्रक दोनला लागतोय. सही कर."

दाराजवळची थप्पी चार पावलांवर होती. मोएरोआने तिकडे एकदा पाहिलं. मग तिन्ही काटे उचलून त्याच्या हातात दिले.

"हा माल नाही जाणार. ताण सुटायला सहा तास वाफ द्यावी लागेल."

"सहा तास? म्हणजे ट्रक रिकामा पाठवू?"

"हो."

"कशामुळे झालं?"

"माझ्यामुळे. दार उघडलं, मग आच वाढवली."

ब्रेंटने काटे उलटेपालटे करून पाहिले. "पापा, तुमच्या वेळी असं कधी झालं नाही."

"झालं. तेव्हा तू शाळेत होतास."

ब्रेंटने फॉर्म दुमडला. "सोमवारचं आत्ता काही बोलत नाही, मोएरोआ. आधी माल बघू. हे काम पापांसारखं बसता येणाऱ्याचं आहे, एवढंच म्हणतो." तो फोन लावतच बाहेर पडला.

मोएरोआने वाफेची चावी फिरवली. भिंतीपलीकडे नळ खडखडले आणि मग एकसुरी आवाज सुरू झाला.

पापा उठले, जाकीट घातलं. "हॉलवर निरोपाच्या जेवणाला बायका तारोचे कंद उकडून ताटकळल्या असतील. तुझं ताट झाकून ठेवायला सांगतो."

"आणि मी काय करू?"

"काही नाही. बस."

त्यांच्या बुटांचा आवाज पायऱ्यांवरून खाली गेला. ती भट्टीच्या दारापर्यंत गेली. दांड्यावर हात ठेवला, तो चांगलाच गरम होता. हात काढून ती खोलीत परत आली. एक फेरी मारली, दुसरी मारली. तापमानाचा काटा जिथे हवा तिथेच होता.

मग ती पापांच्या खुर्चीत बसली. ते असताना ती कायम उभी असायची, फार तर खोक्यावर टेकायची. टेबलाला पुढून जमिनीपर्यंत फळी होती, बसणाऱ्याचे पाय समोरून दिसत नसत. तिने खुर्ची आत ओढली आणि काट्यावर नजर लावली. मिनिटभरात तिचा उजवा पाय आपोआप हलू लागला. टाच कशात तरी खाली गेली.

ती वाकली. जमिनीवरचं लिनोलियम तिथे कधीच झिजून गेलं होतं. खालच्या लाकडी फळीत टाचेएवढा खळगा पडला होता, बशीसारखा गुळगुळीत. डाव्या पायाखाली फळी कोरी होती.

बऱ्याच वेळाने ती सरळ झाली. टाच पुन्हा पापांच्या खळग्यात ठेवली. पाय हलू लागला, तेव्हा तिने तो थांबवला नाही. वाफेचे अजून पाच तास चाळीस मिनिटं उरली होती.