प्रतिकूल बाजू

वादविवाद स्पर्धेचा नियम सोपा आहे. प्रत्येक कॉलेजनं दोघांना पाठवायचं. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. दिवसभर एकमेकांना खोटं पाडायचं आणि संध्याकाळी करंडक मिळून उचलायचा. लग्नासारखंच, फक्त परीक्षक अनोळखी असतात.

विषय होता, ‘लष्करी बळाने दहशतवाद संपवता येतो.’ प्रतिकूल बाजू तेजस्विनीनं मागून घेतली, उरलेली माझी. तिचा भाऊ ज्ञानेश दोन वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढताना गेला.

“घरात हे बोलता येत नाही,” ती म्हणाली होती. “आप्पांसमोर तर नाहीच. इथं तरी बोलू दे.”

म्हणून अर्थातच आप्पा आले.

तिचे वडील, सहादूकाका, देवळाली कॅम्पच्या बाजारात जवानांच्या वर्द्या शिवतात. लेकीचं भाषण आहे हे कुणाकडून तरी कळलं, तसे दुकान बंद करून थेट नाशकात. गळ्यातली मापाची टेप काढायची राहिली होती. स्वागत समितीनं ते काहीतरी मानाचं समजून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि गुलाब दिला.

तेजूनं त्यांना पाहिलं.

“बाजू बदलू या,” मी कुजबुजलो.

“नावं देऊन झालीत.”

“मग चक्कर येऊन पड.”

“गप रे. तुझं नाव पुकारलंय, जा.”

मी बोललो. हवाई हल्ले, चौक्या, आकडे. भरात येऊन शेवटी म्हणालो, “प्रत्येक हुतात्म्यागणिक दहशतवाद एक पाऊल मागे सरतो!” टाळ्या पडल्या. काकांनी वाजवल्या नाहीत. हातात गुलाब होता.

मग तेजू. तिचं भाषण मला पाठ होतं. एक अतिरेकी मेला की त्याच्या गल्लीतली दोन पोरं बंदूक उचलतात. तोफेनं माणूस मरतो, राग मरत नाही. आणि शेवट : ‘माझा भाऊ गेला. महिन्याभरात त्याच खोऱ्यात दुसरा हल्ला झाला. मग तो जाऊन थांबलं काय?’

ती माईकपाशी आली, “अध्यक्ष महोदय” म्हणाली आणि वडिलांकडे बघत राहिली. इशाऱ्याची घंटा वाजली. शेवटची वाजली. ती खाली बसली.

अनुकूल बाजू विजयी. अशा रीतीनं त्या शनिवारी, चहाच्या सुट्टीआधी, लष्करी बळानं दहशतवाद संपला.

बसथांब्यावर आम्ही तिघं उभे होतो.

“का गं थांबलीस?” काकांनी विचारलं.

“तुम्ही होतात समोर.”

“मी ऐकायलाच आलो होतो. बोल आता.”

“आप्पा, नको ना.”

“बोल म्हणतो ना. दुकान बंद ठेवलंय मी.”

ती बोलली. भेळेच्या गाडीशेजारी, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, सगळं. शेवटच्या वाक्याला आवाज फाटला, तरी वाक्य सोडलं नाही.

काकांनी गळ्यातली टेप काढून खिशात ठेवली. “मला बी तसंच वाटतं,” ते म्हणाले. “त्याला आणलं त्या दिवसापासून.”

तेजूनं त्यांचा दंड धरला. ती रडत होती. ते माझ्याकडे वळले.

“मयुरेश, तुमच्यात ते दुसऱ्याचं खोडून काढायचं असतं ना?”

“हो. खंडन.”

“ते कर. हिचं खोडून काढ.”

मला एक विनोद सुचला. मी तो गिळला.

“काका, ते मी नुसतं स्पर्धेपुरतं...”

“असू दे. मघाशी कसं, एक पाऊल मागं म्हणालास. तिथून पुढं सांग.”

देवळालीची बस आली. कंडक्टरनं दोनदा विचारलं. काकांनी बसला हातानंच जायला सांगितलं.

“सांग ना रे,” ते म्हणाले.