कारंज्याकाठची आजी

आम्ही लास वेगासची माणसं सहसा स्ट्रिपवर, म्हणजे जुगाराच्या मोठ्या हॉटेलांच्या त्या झगमगत्या रस्त्यावर, फिरकत नाही. पाहुणे आले की मात्र सुटका नसते. रोसाल्वाचीही झाली नाही, कारण या वेळी पाहुणी म्हणजे खुद्द सासू होती.

रोसाल्वा आमच्या पूर्वेकडच्या वस्तीतली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. नवरा हेरिबेर्तो एसी दुरुस्त करतो, म्हणजे उन्हाळाभर त्याला धड जेवायलाही उसंत नसते. त्याची आई पेत्राबाई मेक्सिकोतल्या सकातेकासहून पहिल्यांदाच मुलाकडे राहायला आली होती. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता, आणि त्यावाचून आपलं काही अडतंय असंही तिला वाटत नव्हतं.

"त्या जुगाराच्या मशीनला मी बोट लावायची नाही," तिने आल्या आल्या बजावलं. "आधीच सांगून ठेवते."

"अगं आई, तुला खेळायला कोण सांगतंय?" हेरिबेर्तो म्हणाला. "फुकटचं केवढं तरी बघण्यासारखं आहे. रात्रीची कारंजी नाचतात, हॉटेलात फुलांची बाग आहे, हॉटेलवाल्यांनी बांधलेला ज्वालामुखी आहे."

"ज्वालामुखी कुठला? तो पाडला ना," रोसाल्वा म्हणाली.

"ज्वालामुखी पाडला?" पेत्राबाई सुनेकडे बघतच राहिली. त्या दिवसापासून या शहराबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी ती आधी सुनेच्या तोंडाकडे बघायची.

तर एका शनिवारी संध्याकाळी तिघं निघाली. वाटेतच हेरिबेर्तोचा फोन वाजला. कुठल्याशा रेस्टॉरंटचा एसी बंद पडला होता आणि गिऱ्हाइकं उठून चालली होती. त्याने दोघींना हॉटेलच्या दारात सोडलं, "येतोच" म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

बागेत जायचं तर आधी मशीनच्या जंगलातून जावं लागतं. पेत्राबाईने काळी शाल डोळ्यांपर्यंत ओढली, छातीवर क्रूस काढला आणि सुनेचा दंड घट्ट धरून ते अंतर पार केलं. पुढे छताला काचेची रंगीत फुलं लटकत होती, आणि त्यापलीकडे खऱ्या फुलांचा एक मोर, आमच्या घराएवढा.

"तिकीट कुठे घेतात?"

"तिकीट नाही, आई."

"मग एवढ्या फुलांना पाणी कोण घालतं?"

"हॉटेलवाले."

"कशासाठी?"

"लोकांनी यावं म्हणून."

"आणि आल्यावर?"

रोसाल्वाने मागच्या मशीनकडे हात दाखवला. पेत्राबाईने मान हलवली. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. "म्हणजे आपण बघून तसंच परत गेलो, तर आपण त्यांना फसवलं?"

सासू गमतीने म्हणतेय की तिला खरंच टोचतंय, हे रोसाल्वाला त्या चेहऱ्यावरून कधीच कळत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नाही.

दोघी बाहेर कारंज्यांच्या तळ्याकाठी आल्या. सूर्य बुडाला तरी कठड्याचा दगड तव्यासारखा तापलेला होता. माणसांची ही गर्दी. रोसाल्वाने सासूला एका बाकाच्या टोकाला जागा मिळवून दिली, घरून आणलेली गोरदिता हातात दिली. जाड भाकरीच्या पोटात बीन्स भरलेले, तिच्याच हातचे. तेवढ्यात संगीत सुरू झालं आणि पाणी उसळलं. पेत्राबाईच्या हातातला घास हातातच राहिला. पाणी वाकत होतं, गिरक्या घेत होतं, मध्येच तोफेसारखं आभाळात जात होतं. ते संपल्यावर ती हळूच म्हणाली, "परत करतात?"

"करतात. थोड्या वेळाने."

"मग मी इथून हलत नाही."

आणि तेवढ्यात हेरिबेर्तोचा फोन आला. गोंगाटात काही ऐकू येईना, म्हणून रोसाल्वा "इथेच बसा हं" असं सांगून बाजूला गेली. गाडी कुठे लावायची, कुठल्या दाराशी भेटायचं, यावर नवराबायकोची नेहमीप्रमाणे वादावादी झाली. ती परत आली तर बाकावर एक जोडपं आइस्क्रीम खात बसलेलं. सासू नाही.

तिने बाकाखाली वाकून बघितलं. का बघितलं, ते तिचं तिलाही सांगता येत नाही. जोडप्याला विचारलं, त्यांनी खांदे उडवले. ती कठड्याच्या कडेने धावत सुटली. "आई! आई!" तिच्या हाकेला भलत्याच दोन बायकांनी वळून बघितलं. काळी शाल दिसली म्हणून एकीचा खांदा धरला, तर ती कुणी तरणी मुलगी निघाली.

आणि मग दिव्याच्या खांबाखाली तिला एक लग्नाचं वऱ्हाड दिसलं. पांढऱ्या झग्यातली नवरी, राखाडी सुटातला नवरा, भोवती फुलाफुलांचे सदरे आणि झगे घातलेली तीसेक माणसं. हवाईचे लोक, हे आमच्याकडे कुणीही लांबून ओळखतं. सुट्टी मिळाली की ते आमच्याच शहरात उतरतात. फोटोवाला ओरडत होता, "जरा जवळ, जरा जवळ!" आणि नवरा-नवरीच्या बरोबर मधोमध, गळ्यात पांढऱ्या फुलांचा जाड हार आणि हातात नवरीचा गुच्छ घेऊन, पेत्राबाई उभी होती. अर्धी गोरदिता तिने गुच्छाच्या मागे लपवली होती.

"आई!" रोसाल्वा गर्दीत घुसली. "अहो, काय करताय इथे?"

"बाजूला हो पोरी, फोटोत येशील."

"ही माणसं कोण?"

"मला काय माहीत? हेरिबेर्तोच म्हणाला ना, इथे रात्रीचं सगळं फुकट दाखवतात. कारंजी झाली, आता लग्न दाखवताहेत असं वाटलं मला. या फुलांच्या झग्यातल्या बाईने हाताला धरून उठवलं, हार घातला. नाही कसं म्हणणार?"

ती बाई तेवढ्यात पुढे आलीच. धिप्पाड, हसरी, कपाळावर घाम. "तुम्ही पण मुलाकडच्या ना?" असं इंग्रजीत म्हणत तिने रोसाल्वाच्याही गळ्यात हार टाकला. "मी मोमी. नवरीची मावशी. अहो, आजी एकट्याच बसलेल्या बाकावर! बरं तर बरं, माझं लक्ष गेलं."

"नाही, म्हणजे... या माझ्या सासूबाई..."

"म्हणजे तुम्ही जावयाच्या, एफ्राइनच्या मामी!" मोमी मावशीने तिला छातीशी कवटाळलं. "या मुलाने सांगितलंच नाही हो मामी येणार म्हणून. ए, मामी पण आल्यात!"

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रोसाल्वाने सुटकेसाठी नवऱ्या मुलाकडे बघितलं. कोवळ्या मिशीचा मुलगा, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला. तो तिच्या कानाशी वाकला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "ताई, पाया पडतो, थोडा वेळ काही बोलू नका."

"अरे, पण तू कोण? आम्ही तुला ओळखत नाही."

"ठाऊक आहे. मीही तुम्हाला ओळखत नाही."

त्याला बाजूला घेऊन तिने जे ऐकलं ते असं. एफ्राइन कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा. आईबाप नाहीत. द्राक्षांच्या मळ्यात राबून आजीने वाढवला. ती आजी लग्नाला येणार असं त्याने सासरच्या माणसांना छाती ठोकून सांगितलं होतं. आजीचं म्हणणं, चर्चमध्ये लग्न नाही तर मी नाही. तरी त्याने तिकीट पाठवलं. ती फोनवर "बघू" म्हणाली. दुपारी तो बस लागते तिथे जाऊन उभा राहिला. सगळी माणसं उतरली. आजी नव्हती.

"यांना कसं सांगायचं ते कळेना. येतील, उशीर झालाय, असंच म्हणत राहिलो. आणि मावशीने या आजींना बघितलं. काळी शाल, स्पॅनिश बोलतात. धावतच गेल्या. मी तोंड उघडेपर्यंत हार पडला होता."

"आणि बायकोला माहीत आहे?"

"नाही. आज सांगेन."

"आज आता किती उरलाय रे!"

रोसाल्वाला त्याचा राग यायला हवा होता असं तिला वाटत होतं, पण नेमका कशाचा ते सापडत नव्हतं. दया यावी, तर तिकडे तीस माणसं खोट्या आजीभोवती फोटो काढत होती. सासूला ओढून घेऊन जावं, तर हार काढून परत कुणाच्या हातात द्यायचा?

आणि नवरी तिच्याकडेच आली. पुआलानी तिचं नाव. झगा दोन्ही हातांनी उचलून धरलेला, पायात साध्या रबरी चपला. "मामी, मला आजींशी बोलायचंय. त्यांचं उत्तर मला सांगाल का?"

ती पेत्राबाईसमोर उभी राहिली, श्वास घेतला आणि पाठ केलेलं एक लांबलचक स्पॅनिश वाक्य अडखळत म्हणून दाखवलं. 'तुम्ही त्याला एकटीने मोठं केलंत, आता आपण दोघी मिळून त्याला सांभाळू,' असं काहीसं. निम्मे शब्द मोडके होते, पण कळत होते.

पेत्राबाईचं हसू मावळलं. तिने आधी मुलीकडे, मग एफ्राइनकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. तो समोर आला आणि मेक्सिकन रिवाजाप्रमाणे, आशीर्वादासाठी, त्या तापलेल्या फरशीवर गुडघ्यांवर बसला. मोमी मावशीने डोळ्यांना रुमाल लावला.

पेत्राबाईचा हात मात्र उठला नाही. "रोसाल्वा," ती शांतपणे म्हणाली, "या मुलीला सांग, मी याची आजी नाही."

"आई!"

"सांग. मला वाटलं खेळ चाललाय. हा खेळ नाही. खोटा आशीर्वाद मी देत नसते."

"काय म्हणाल्या?" पुआलानीने विचारलं. तीस माणसं रोसाल्वाच्या तोंडाकडे बघत होती. आपण कुठल्या भाषेत विचार करतोय हेच तिला कळेना. शेवटी ती फरशीवरच्या पोराला म्हणाली, "ऊठ. तू सांग. तुझी बायको आहे."

नेमकं तेव्हाच संगीत लागलं आणि मागे पाणी गर्जत उसळलं. सगळं वऱ्हाड कठड्याकडे वळलं. एफ्राइन उठला आणि नवरीच्या कानाशी तोंड नेऊन बोलू लागला. रोसाल्वाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तिला फक्त पुआलानीचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर काही उमटतच नव्हतं. ना राग, ना रडू.

तो बोलायचा थांबला. पुआलानी जवळजवळ ओरडूनच म्हणाली, "मला माहीत आहे!"

"काय?"

"अरे, तुझ्या आजीचा फोटो तुझ्या पाकिटात आहे! मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत नव्हतास म्हणून! मला वाटलं तूच कुठून तरी आणलंस यांना. मावशी एवढी खुशीत. तुझाही चेहरा दिवसभरात पहिल्यांदा जरा बरा दिसला. मी काय म्हणणार होते?"

"आणि ते वाक्य?" न राहवून रोसाल्वाने विचारलं.

पुआलानी तिच्याकडे वळली. आता मात्र तिचे डोळे भरले. "महिनाभर पाठ करतेय हो मामी. कुणाला तरी म्हणून दाखवायलाच हवं होतं."

रोसाल्वा मामी नाही हे त्या मुलीला आता पक्कं ठाऊक होतं, तरी ती मामीच म्हणाली. रोसाल्वाने सगळं सासूला सांगितलं, जमेल तेवढं. तिचं तिलाच ते सांगताना खरं वाटत नव्हतं. पेत्राबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे आता यात कुणी फसलेलं नाही?"

"मोमी मावशी," रोसाल्वा म्हणाली. "आणि बाकीचे तीस."

"त्यांचं ते बघतील." पेत्राबाईने गोरदिता सुनेच्या हातात कोंबली, हात शालीला पुसला आणि दोघांना खुणेने वाकवलं. आधी मुलीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला, मग मुलाच्या. ती काय पुटपुटली ते पाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. मुलाच्या कपाळावरून अंगठा उचलल्यावर तिने त्याला एक हलकी टपलीही मारली. "आणि उद्या फोन कर आजीला. शिव्या घालेल. खा."

हेरिबेर्तो हातात हत्यारांची पेटी घेऊन शोधत आला तेव्हा त्याची आई परक्या लग्नात तिसऱ्यांदा फोटोला उभी होती आणि बायको हार घालून लोकांना ओळीत लावत होती.

"कुणाचं लग्न?"

"तुझ्या भाच्याचं."

"मला भाचा कुठे आहे?"

"तू आधी पेटी खाली ठेव."

त्याने ठेवली. लगेच मोमी मावशीने "मामा पण आले!" म्हणून त्यालाही मिठी मारली. त्या रात्री तिघंही वऱ्हाडाबरोबर जेवायला गेली. भात, मांसाचा रस्सा आणि वर अंडं असं काहीतरी पानात आलं, पेत्राबाईने ते मिटक्या मारत खाल्लं. घरी येताना गाडीत हेरिबेर्तोने तीनदा विचारलं, नक्की काय झालं. तीनही वेळा रोसाल्वाने वेगवेगळ्या ठिकाणापासून सुरुवात केली.

डिसेंबरात, पेत्राबाई सकातेकासला परत गेल्यानंतर, रोसाल्वाच्या फोनवर पुआलानीचा फोटो आला. ती, एफ्राइन आणि मध्ये एक म्हातारी, राखाडी शालीतली, गळ्यात हार. खाली काही लिहिलेलं नव्हतं, नुसती फुलांची चित्रं. रोसाल्वाने 'ही खरी आजी ना?' असं लिहिलं आणि पुसून टाकलं. असं विचारतात का कुणाला?

तिने तो फोटो सासूला पाठवला आणि फोन लावला. पलीकडे चष्मा शोधणं चाललं होतं.

"खरीच आहे," पेत्राबाई म्हणाली. "कपाळावरच्या आठ्या बघ तिच्या. अजून रुसलेली आहे."

रोसाल्वाने फोटो मोठा करून बघितला. आठ्या होत्या. पण उन्हातही माणूस आठ्या घालतो, आणि फोटो भर उन्हातला होता. तिने आम्हा सगळ्यांना तो दाखवला आहे. वस्तीतली निम्मी माणसं हो म्हणतात, निम्मी नाही.