नाव नसलेला कप्पा

आयुधपूजेला गोपाळरावांनी कॉम्प्युटरही साफ करायला घेतला, आणि तिथंच सगळं फिसकटलं. रंगाऱ्याचं घर ते. कापडावरची छपाई कधीच बंद पडली, तरी त्या दिवशी प्रत्येक हत्यार घासूनपुसून पूजेला मांडायची रीत काही सुटली नव्हती. स्क्रीन पुसला, कीबोर्डला कुंकू लावलं, इथवर ठीक. पण मग कुठल्याशा व्हिडिओत बघून डिस्कवरचा एक नाव नसलेला कप्पा त्यांनी कचरा समजून उडवला. त्याच कप्प्यात त्यांच्या लेकीचं, मंजूचं लिनक्स होतं, आणि त्यांनी स्वतः स्कॅन केलेल्या घराण्याच्या सगळ्या नक्ष्या. छपाईचे लाकडी ठसे वाळवीनं आधीच खाल्लेले. दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, कानडी मुलखातल्या बोगादीच्या त्या घरात, मंजू सकाळपासून पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून बसली होती. पाठ आंबून गेली. उडालेला कप्पा सापडायचा, पण परत बसवायला गेलं की एकच रडगाणं: डिस्क वापरात आहे. अरे, पण वापरतंय कोण? तिनं सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

"स्वल्प कॉफी घे गं," गोपाळराव दारातून म्हणाले.

"अप्पा, आता मला काही विचारू नका."

कप ठेवून ते गेले. कालपासून ते धड जेवले नव्हते. तिला ते दिसत होतं, पण समजूत घालायचंही त्राण नव्हतं.

दुपारी एकदाचं ध्यानात आलं. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सनंच डिस्कवरची स्वॅपची, मेमरी कमी पडली तर वापरायची, जागा स्वतःच्या कामाला घेतली होती. दुरुस्तीला आलेला गवंडीच भिंतीला टेकून बसलेला, मग भिंत हलणार कशी? तिनं स्वॅप बंद केलं. कप्पा बसला. फोल्डर उघडलं, वेलबुट्ट्या, कुयऱ्या, सगळं जागच्या जागी.

"आयतु, अप्पा, झालं. मिळालं सगळं. या, बघा."

गोपाळराव उंबऱ्यापाशीच थांबले, हात पाठीमागे धरून.

"नको. आधी ते दुसरीकडं ठेव. माझा हात पोचणार नाही अशा जागी."

जन्मभर त्या हातानं ठसा उठवला, कधी रेघभर सरकला नव्हता.  कॉपी सुरू करून मंजूनं खुर्ची रिकामी केली, पण ते काही आत आले नाहीत.