बर्ग्यांची बोली

बाबा गेल्यानंतरचा हा पहिला ऑक्टोबर. शिरपूरला आमच्या शेतालगतच्या नाल्यावर बंधारा आहे. पाऊस ओसरला की त्यात लोखंडी बर्गे बसवायचे. या फळ्यांनी पाणी अडतं. नाहीतर सगळं वाहून जातं आणि हरभऱ्याला ओलित मिळत नाही. अठरा वर्षं मजुरीचा आणि फटी बुजवायच्या रबराचा खर्च बाबांनी आपल्या दुकानाच्या गल्ल्यातून परस्पर केला. गावाला ते पाणी फुकटचंच वाटायचं.

मला एकटीला तो खर्च झेपणार नव्हता. बंधाऱ्यावरच नाल्याकाठच्या शेतकऱ्यांची बैठक बोलावली आणि एकरी किती देणार, एवढंच विचारलं.

"माणिकभाऊ असते तं त्यायनं विचारलं नसतं," रामधनकाका म्हणाले.

"ते असते तर मलाही विचारावं लागलं नसतं."

सगळे नाल्याकडे बघत बसले. आधी शेजारी काय म्हणतो, ते प्रत्येकाला ऐकायचं होतं. पाणी घोट्याएवढं वाहत होतं. आठवडाभरात तेही संपलं असतं.

आमच्या देवळात पहिल्या अभिषेकाचा मान बोलीनं जातो. मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले आणि देवळातल्याच सुरात म्हणाले, "पहिला बर्गा! मान कोणाचा?"

हशा पिकला. मग पल्याडच्या दोन एकरवाल्या चंपाबाई म्हणाल्या, "पाचशे. हसता कायले? माह्या विहिरीले याच पाण्याचा आधार हाय."

"सहाशे," रामधनकाका.

"काहून गा, तुही तं मोटरबी चालत नाही! साडेसहाशे," चंपाबाई.

"सातशे! मोटरीचं नाव काढू नको."

चंपाबाईंनी अकराशेला मान घेतला. मग दुसरा, तिसरा, चौथा. एकरी शंभर म्हणायला ज्यांची जीभ वळत नव्हती, ते एकमेकांवर चढत होते.

बारावा, शेवटचा बर्गा मी स्वतःसाठी राखला होता.

"हजार. बाबांच्या नावानं."

"दीड," बांधाशेजारचे गफ्फारचाचा म्हणाले.

"चाचा, हा माझा आहे."

"बोलीत लिहाज नसते, बेटी."

"दोन."

"अडीच. अठरा सालं माणिकभाऊनं मले देऊ नाही देल्लं. आता तूबी नाही म्हणतं काय?"

माझ्या पिशवीत तीन हजार होते. मी बोली चढवली नाही. "एक वार, दोन वार..." तिसऱ्या वाराला आवाज फुटला. आपण हसतो आहोत, हे मला जरा उशिरा कळलं.

बर्गे बसवायच्या वेळी आपला बर्गा लावायला चाचा स्वतःच पायजमा खोचून पाण्यात उतरले. बर्गा तिरपा बसला.

"सीधा करा चाचा, आमचे पैसे वाहून चालले!" सगळा काठ ओरडला. ज्यानं ज्यानं बोली लावली होती, तो तो आता हुकूम सोडत होता.