खाली उभं राहून

करमणूक उद्यानांतल्या पाळण्यांवर देखरेख ठेवायला सरकारने जे तपासनीस नेमले होते, त्यांना उंचीची भयंकर भीती वाटे. हे सरकारला ठाऊक नव्हतं. सरकारने विचारलंही नव्हतं. साहेब प्रत्येक पाळणा खालून, मान वर करून तपासत. त्यापायी त्यांच्या गळ्यात पट्टा आला होता, आणि कचेरीत तो कर्तव्यनिष्ठेचा पुरावा मानला जाई.

सासूबाईंना मात्र या नोकरीचाच संशय होता. थोरला जावई पूल बांधायचा. धाकट्याचं कोणी विचारलं की त्या घसा खाकरून म्हणत, "ते पाळण्यांचं बघतात." त्यावर लोक विचारत, "पाळणाघर आहे का?"

शेवटी एकदा त्या म्हणाल्याच, "जावईबापू, तुमचं काम एकदा डोळ्यांनी बघायचंय मला."

साहेबांनी त्यांना उद्यान उघडण्याआधी आकाशपाळण्यापाशी नेलं. मालक हात जोडून हजर. याच मालकाला साहेबांनी अनेकदा 'बंद करा' म्हटलं होतं, आणि दर वेळी "हो साहेब, उद्यापासून" असं उत्तर मिळालं होतं. म्हणून साहेबांनीच खटपट करून नवा नियम आणला होता: तपासनीस 'बंद' म्हणाला की यंत्र जागच्या जागी थांबवायचं, आणि त्याने स्वतः यंत्राशेजारी उभं राहून परवानगी दिल्याशिवाय हलवायचं नाही. हलवलं की परवाना गेला.

साहेब मान वर करणार, तोच सासूबाई पाळण्याच्या एका खुर्चीत जाऊन बसल्या.

"या की! खालून काय दिसतंय? भाजीसुद्धा हातात घेऊन बघावी लागते."

नाही म्हणायची सोय नव्हती. साहेब बसले, डोळे मिटले आणि समोरचा दांडा गच्च धरला. पाळणा वर गेला. अगदी टोकाला दांडा हातातच आला. खिट्टीच्या जागी तार गुंडाळून तिला झकास रंग दिला होता.

"बंऽऽद!"

असा आवाज साहेबांच्या गळ्यातून जन्मात निघाला नव्हता. पाळणा थांबला. तिथेच.

"केलं साहेब!" मालक खालून ओरडला. "बघा, लगेच केलं!"

"आता आम्हाला खाली घ्या!"

"कसं घेऊ? तुम्ही इथं उभं राहून परवानगी द्यायला हवी ना!"

"अहो, मी वर आहे!"

"तेच म्हणतोय मी. खाली या!"

साहेबांना स्वतःच्या नियमाचा जन्मात इतका राग आला नव्हता. मालक जरा मऊ झाला. "नाहीतर 'बंद' मागे घ्या की. 'सगळं ठीक आहे' म्हणा, लगेच उतरवतो. दुपारी शाळेची पोरं यायचीत, माझीही अडचण जाईल."

साहेबांनी तोंड उघडलं.

"ठीक आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला म्हणता?" त्यांनी पर्समधून पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढल्या. "घ्या. चघळा. बोलवा शिडीवाल्यांना."

दुपार होता होता अग्निशमनवाले आले, शिडी लागली. सासूबाई आधी उतरल्या आणि उतरता उतरता वर बघून हुकूम सोडत राहिल्या: "डावा पाय! तो उजवा आहे, जावईबापू! डोळे मिटलेलेच ठेवा, उघडून तरी काय दिवे लावणार आहात?"

जमिनीला पाय लागताच साहेब तिथेच बसले. मालक धावत आला.

"साहेब, आता खाली आलात. व्हा उभे, आणि द्या परवानगी! पोरांची बस फाटकाशी आलीय."

साहेब उठले. पट्टा कानापर्यंत सरकला होता. यंत्राशेजारी जाऊन त्यांनी स्वच्छ आवाजात सांगितलं, "खाली उभं राहून सांगतो. बंद."

मालक "उद्यापासून" म्हणायला गेला, पण सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने 'बंद'ची पाटी लावली आणि पोरं बदकांच्या तळ्याकडे वळली.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी थोरल्या लेकीला फोन लावला.

"तुझ्या नवऱ्याचा पूल झाला का गं पुरा? नाही, म्हटलं, लोकांना सोडायच्या आधी आमच्या धाकट्यांना एकदा त्यावर पाठवून बघू."