गोड्या पाण्याची साक्ष

लढाईवरून परत आल्यापासून मी वाडीत एकदाच खोटं बोललो, आणि लोकांनी विश्वास ठेवला तो नेमका त्याच वेळी. त्याआधी जे जे खरं सांगितलं त्याला अजूनही ‘पुंजाजीच्या थापा’ म्हणतात. म्हणोत. मी आता त्यावरून कुणाशी भांडत नाही.

आमची वाडी कुरुंद्याच्या वरच्या अंगाला माळावर आहे. पंचवीस घरं, सगळी धनगरांची. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. पाण्याबद्दलचं आमचं ज्ञान तेवढ्यापुरतंच: एक खारी विहीर, एक गोडी विहीर आणि खालच्या अंगाला एक तळं, जे होळीला मेंढराच्या गुडघ्याएवढं उरतं. वाडीतल्या माणसाला तळं म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येतं. यात त्याचा काही दोष नाही.

एक्केचाळीस साली रोगाने आमचे कळप बसले. मी आणि संतराम हिंगोलीला जाऊन लष्कराच्या मजूर कंपनीत भरती झालो. आम्ही दोघे एका वयाचे, एकाच कळपामागे वाढलेले. त्याचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. घरी बायको सुभद्रा आणि आई कौशल्याबाई, तिसरं कुणी नाही. मुंबईहून बोट, मग आगगाडी, आणि त्या आगगाडीने आम्हाला उतरवलं ते आफ्रिकेतल्या किसुमू नावाच्या गावात, एका तळ्याच्या काठावर.

इंग्रजांनी त्या तळ्याला आपल्या राणीचं नाव दिलंय. तिथले लोक न्यांझा म्हणतात, म्हणजे नुसतं मोठं पाणी. आमचा अख्खा परभणी जिल्हा त्यात बुडेल, आणि वर तसलेच चार बुडतील. किसुमूला त्याची एक चिंचोळी पट्टी आत आलीय; तिच्या तोंडातून बाहेर पडलं की पलीकडचा काठ दिसत नाही. आगबोटीला सगळ्या काठाने फिरून यायला आठवडा जातो. दुपार कलली की वादळ उठतं, पुरुषभर लाटा येतात. आणि पाणी गोड! आमच्या गोड्या विहिरीपेक्षा गोड. एवढ्या पाण्यातून बाहेर पडणारी नदी मात्र एकच, नील, ती पुढे मिसर देशाला जाते. अमावास्या झाली की पाण्यातून चिलटांचे असे खांब उठतात की लांबून वाटावं गाव जळतंय. तिथली माणसं ती चिलटं गोळा करून थापतात आणि भाजून खातात. मीही एकदा खाल्ली. वाईट नव्हती.

आणि तिथे बेटं चालतात. लव्हाळ्यासारखं एक गवत आहे, माणसाच्या दुप्पट उंच. त्याची मुळं एकमेकांत गुंततात, त्यांवर गाळ बसतो, गाळावर हिरवा चारा उगवतो. काठाला टेकलेलं असतं तोवर ती जमीनच वाटते. वारा फिरला की सुटते आणि चालू लागते.

तिथला माणूस असल्या हिरव्यावर पाय ठेवत नाही. आमच्या संतरामने ठेवला. छावणीतल्या खेचरांना चारा आणायचं काम आम्हा दोघांकडे होतं. बेचाळीसच्या माघात रान करपलं होतं आणि काठाला हिरवंगार दिसत होतं. माळावरच्या धनगराला हिरवं दिसलं की तो खाली जमीन आहे का म्हणून विचारत नाही. आमच्याकडे जे काही उगवतं ते जमिनीवरच उगवतं. विळा घेऊन तो कापत कापत आत गेला. मी काठावर भारे बांधत होतो. मान वर केली तेव्हा आमच्या मध्ये वीस हात पाणी होतं. पोहता त्यालाही येत नव्हतं, मलाही नाही. तो आधी हसला. मग हाका मारू लागला. मी काठावर नुसता पळत राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

कोळी होड्या घेऊन निघेपर्यंत बेट पट्टीच्या तोंडाकडे चाललं होतं आणि वादळ उठलं. पुढे तीन दिवस आगबोटीने शोध घेतला. कोळ्यांचं म्हणणं, अशी बेटं कधी दुसऱ्या काठाला जाऊन लागतात, कधी लाटांत फाटतात. सरकारने कागदावर ‘बेपत्ता’ असं लिहून टाकलं.

सेहेचाळीसच्या दिवाळीत मी घरी आलो आणि त्याच दिवशी कौशल्याबाईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “तू त्याला मेलेला पाह्यलास?”

“न्हाई, मावशी.”

“मंग तो हाय. हिरव्यावर हाय. हिरव्यावर धनगर मरत न्हाई.”

तेव्हापासून ती रोज सकाळी सुनेच्या कपाळाचं कुंकू नीट आहे ना, हे स्वतः पाहायची.

माझ्या मनाला विचाराल तर संतराम त्याच संध्याकाळी गेला. पण माझं मन म्हणजे काही साक्ष नव्हे. आणि साक्षीची वेळ लवकरच आली. जवळा बाजारकडच्या एका बिजवराने सुभद्रेला पाटासाठी मागणी घातली. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यात कमीपणा नाही. पण नवरा बेपत्ता असेल तर बारा वर्षं वाट पाहायची, असा रिवाज. पाच होत आली होती, सात उरली होती. सुभद्रा चोविशीची. बारा पुरी झाल्यावर तिशी ओलांडलेल्या बाईला कोण विचारणार? संतराम मेला असं धरायचं का, हे ठरवायला पंच बसले, आणि मला बोलावणं आलं.

पंचांत मुख्य ग्यानबा. सत्तरीचा माणूस, उभी हयात पूर्णेपासून पैनगंगेपर्यंत मेंढरं हिंडवलेली. पाण्यातलं आपल्याला कळतं, अशी त्याची खात्री होती.

“तळं केवढं?” त्याने विचारलं.

“पलीकडचा काठ दिसत न्हाई एवढं.”

“मंग त्यो समुद्र हाय. पानी खारं असंल.”

“गोड हाय. साडेचार वर्सं पेलो मी.”

“काठ न्हाई, लाटा हाईत, आगबोट चालून राह्यली, अन् पानी गोड?” ग्यानबाने चौफेर पाहिलं. “बरं. अन् संतराम गेला कशावर बसून?”

“बेटावर.”

“बेट चाललं?”

“व्हय.”

लोक असे हसले की लिंबावरचे कावळे उडाले. चिलटांच्या भाकरीची गोष्ट मी आदल्याच आठवड्यात पारावर सांगून बसलो होतो. तीही कुणीतरी मध्येच काढली. मला संताप आला. विहिरीतल्या बेडकांना मी पाणी समजावून सांगत होतो. निकाल झाला: पुंजाजीच्या बोलण्याला बूड नाही, बारा वर्षं पुरी होऊ द्या. बायकांच्या घोळक्यात कौशल्याबाई समाधानाने मान हलवत होती. शेजारी सुभद्रा खाली पाहत होती.

दुसऱ्या दिवशी गोड्या विहिरीवर सुभद्रा माझ्यापाशी थांबली. माझ्याशी ती कधी फार बोलत नसे.

“भावजी, तुमच्या तळ्यावर माझा इस्वास हाय,” ती म्हणाली. “पर माझी सात वर्सं त्या बेटावर बसून राह्यलीत. तेवढं तळं लहान करून सांगा.”

“लहान करून? वैनी, ते तळं…”

“ह्या लोकाईच्या डोळ्यात मावंल एवढं करा. तुमचं काय जाऊन राह्यलं?”

माझं काय जात होतं, ते मलाच ठाऊक. ते तळं मोठं होतं म्हणूनच मी संतरामला वाचवू शकलो नाही. लहान असतं तर वाचवू शकलो असतो. ते लहान करायचं म्हणजे माझा कबुलीजबाबच झाला. पण ती घागर घेऊन उभी होती, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

आठ दिवसांनी पंच पुन्हा बसले. मी हात जोडून म्हणालो, मागच्या वेळी थोडी थाप मारली, माफी असावी. तळं आपल्या तळ्याच्या दुप्पट होतं. तोंडातून निघताच मला ते इतकं बोचलं की मी लगेच तिप्पट केलं. चारा कापताना संतरामचा पाय घसरला. तो बुडाला.

लोकांचे चेहरे सैल झाले. तिप्पट तळं प्रत्येकाला दिसलं. “आता कसं!” ग्यानबा खूश होऊन म्हणाला. “लष्कराचं वारं उतरलं बग पोराचं.” मी म्हाताऱ्या माणसासारखा थकलो होतो, पण पोरगं तर पोरगं.

मग ग्यानबाने सहज विचारलं, “एवढ्याशा तळ्यात बुडालेलं मानूस तिसऱ्या दिशी वर येतं. आलं का?”

हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. मोठं पाणी माणूस ठेवून घेतं, त्याला कुणी जाब विचारत नाही. लहान तळ्याला माणूस परत द्यावा लागतो.

“आलं,” मी म्हणालो.

“मंग आग कोनी देली?”

“म्याच.”

“अन् हाडं?”

वाडीतलं पोरसुद्धा सांगेल: परमुलखात माणूस मेला तर ज्याने आग दिली त्यानेच त्याची मूठभर हाडं घरी आणायची. कपड्यात बांधून, उशाला ठेवून, बोट असो की आगगाडी. हाडं आली तरच माणूस मेला. कागद नाही, हाडं. खोटं बोलायला मी तयार होतो, पण हाडं कुठून आणणार होतो?

“हाडं कुठं हाईत, पुंजाजी?” ग्यानबाचा आवाज बदलला होता. “आग देली बराबर, मंग हाडं काहून न्हाई आनली? का आगच न्हाई देली?”

सुभद्रेकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. मला वाळीत टाकलं असतं तर चाललं असतं. पण माझी साक्ष इथे मोडली की तिची सात वर्षं पक्की होत होती, आणि या खेपेला ती माझ्यामुळे होत होती.

“आनली व्हती त्यानं.”

कौशल्याबाई उठून उभी राहिली होती. पदर दोन्ही हातांनी धरलेला. गेले महिनाभर जिने पोरगा जिवंत आहे म्हणून वाडी डोक्यावर घेतली होती, तीच हे बोलत होती.

“आल्या दिशीच माज्या वटीत घातली. म्या आसना नदीच्या पान्यात नेऊन सोडली.”

ग्यानबा तिच्याकडे वळला. “मंग जित्ता हाय, जित्ता हाय, काहून म्हनून राह्यली व्हतीस, कौशल्ये?”

“आईच्या तोंडातून निंघत न्हाई ते,” ती म्हणाली. “आता निंघालं.”

तिच्या शब्दापुढे पंचांनी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाटाला मोकळीक मिळाली. बांगड्या फोडायला बायका पुढे झाल्या, तेव्हा कौशल्याबाईने त्यांना बाजूला सारलं आणि सुनेचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बांगडी स्वतः फोडली, काच लागू नये म्हणून हळूहळू. सुभद्रा मोठ्याने रडली. सासू रडली नाही.

लोक पांगल्यावर मी म्हातारीला घरापर्यंत सोडायला गेलो. तोंडातून निघालं ते एवढंच: “मावशी, तुमी काहून…”

“लेकरू हाय ती. तिचे दिस जाऊन राह्यले व्हते,” ती म्हणाली आणि चालत राहिली. दाराशी आल्यावर थांबली. घरात कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं.

“खरं सांग, पुंजाजी. बेट पलीकडं लागत असंल का?”

“लागतात, मावशी. काही काही लागतात.”

तिने मान हलवली. उंबऱ्यावर हात टेकून ती सावकाश खाली बसली.

“मंग तो आला, तर येवढं त्याला सांगू नको. आईनं त्याला पान्यात सोडलं म्हून.”

“न्हाई सांगत,” मी म्हणालो.